तुळईखालचा पाळणा

पूर्वी चंपानगरीत राजा महाबल राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सुताराच्या कुळात जन्मले होते. त्याच नगरात पुण्णक नावाचा व्यापारी राहत असे. धंदा बुडून त्याच्या हाती एकच घर उरले होते आणि त्याच्या भाड्यावर त्याची चूल पेटत असे. त्या घरात टोपल्या विणणारी भद्दा आपल्या तान्ह्या मुलीसह राहत होती.

घर डागडुजीला आले. पुण्णकाच्या गाठीला साठ कार्षापण होते, एक कवडी जास्त नाही. त्याने कालिक नावाच्या ठेकेदाराला बोलावले. कालिक गल्लीतच उभा राहिला. छपराबाहेर आलेली वाशांची टोके त्याने बोटाने मोजली; टोके तेल पिऊन चांगली काळीभोर होती.

"चाळीस कार्षापण," तो म्हणाला. पुण्णकाच्या जिवात जीव आला.

तरी खात्री करावी म्हणून, कालिक अजून गल्लीत असतानाच, पुण्णकाने त्या सुतारालाही बोलावले. सुतार सरळ आत गेला आणि त्याने भद्दाला विचारले, "बाई, पाळणा कुठं टांगत नाहीस?"

"त्या मधल्या तुळईला नाही, दादा. वरून पिठासारखा भुगा गळतो. लेकरू पांढरं होऊन जातं."

सुताराने तुळई ठोकली, कान लावला, मग भिंतीही ठोकून पाहिल्या. "सगळ्या घराचे नव्वद," तो म्हणाला.

पुण्णकाचे डोळे पांढरे झाले. "मला खुळा समजलास? हा चाळिसात करतोय!"

"मग त्यांना या तुळईखाली उभं करा, धनी. मी वरून एक घाव घालतो."

कालिक उंबरठ्यापर्यंत आला. त्याने वर पाहिले आणि त्याचा पाय काही पुढे पडेना. पुण्णक त्या पायाकडे बघत राहिला.

कालिकाने सुताराला बाजूला ओढले, पण पुण्णकाला सारे ऐकू गेले. "अरे, आधी चाळीसच सांगायचे. छप्पर उतरवलं की मालक बाकीचे कुठूनही आणतो. तूही चाळीस म्हण, निम्मं काम तुझं."

"उघड्या घराच्या मालकाला नाही म्हणता येत नाही," सुतार म्हणाला. "म्हणून तर आत्ताच सांगतोय."

"माझ्याकडे साठच आहेत रे," पुण्णक हळूच म्हणाला.

"मग यंदा तुळई तेवढी बदला. चौतीस होतील. भिंती अजून दोन वर्षं हलत नाहीत. आणि दोन वर धरा. काम चालेल तोवर या लेकराला दुसरं छप्पर हवं."

नव्वदाचे काम सुताराने आपल्याच तोंडाने छत्तिसांवर आणले होते. पुण्णकाला स्वतःची फार लाज वाटली. अकरा वर्षे दर महिन्याला तो याच दारात भाडे घ्यायला येत होता आणि आत एकदाही आला नव्हता.

जुनी तुळई उतरवताना ती हातातच भुसभुशीत होऊन फुटली. नवी चढली, तेव्हा भद्दाने पाळणा पहिल्यांदा घराच्या मधोमध टांगला. पहिला झोका पुण्णकाने दिला.

एवढे सांगून शास्ते, भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, विहारातल्या भिक्षूंच्या राहत्या कोठ्यांचा खोटा अंदाज देऊन आज संघाला अडवणारा ठेकेदार, तोच तेव्हाचा कालिक. त्याच्यावर विसंबलेला हा गृहस्थ पुण्णक होता आणि गळक्या कोठ्या आपल्याला दाखवणारी उपासिका भद्दा होती. सुतार मी होतो. हातचे काम जाईल हे ठाऊक असूनही खरा आकडा आधी सांगितला, ती माझी त्या जन्मीची सत्यपारमिता."