अडकलेल्या यंत्राची काडतुसं

“पण यात माझं काय चुकलं, बाई? थांबलं ते यंत्र. माझा हात थांबलाच नव्हता!”

घरी भरलेल्या काडतुसांचा डबा हातात धरून केतकी सरनोबत हे उभ्यानेच बोलली. तिला कुणी शिकवलेलं मुळीच खपत नसे. तरीही दर शनिवारी ती शिकायलाच या माळावरच्या पत्र्याच्या शेडपर्यंत गाडी हाकत यायची.

शेड रेणुकाबाई घाटग्यांची. बाई मूळच्या कोल्हापूरच्या, एके काळच्या नामांकित नेमबाज. लेकीकडे म्हणून अ‍ॅरिझोनात आल्या आणि लेकीशी भांडून इथे एकट्या राहिल्या. त्या मुलखात घरी काडतुसं भरायला मनाई नाही. बाईंच्या शेडमध्ये मात्र दुकानची काडतुसं आणायला मनाई होती. जो बार तू काढशील, तो तूच भरायचा, हा त्यांचा दंडक.

भरायचं यंत्र टेबलाला पक्कं बसवलेलं असतं. त्याच्या तबकडीवर रिकामी पितळी टरफलं फिरतात. हँडल एकदा ओढलं की एका टरफलाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी केप बसते, दुसऱ्यात बंदुकीची दारू पडते, तिसऱ्यावर गोळी दाबली जाते आणि एक तयार काडतूस डब्यात पडतं. काम झपाट्याचं. केतकीला झपाटा आवडायचा.

“कशानं थांबलं?” बाईंनी विचारलं.

“केप अडकली. मी हँडल अर्ध्यातून मागे घेतलं, तबकडी हाताने सरकवली, केप काढली आणि पुढे चालू केलं.”

“तबकडीवरची टरफलं उतरवलीस?”

केतकीने डबा छातीशी धरला.

“केतके.”

“नाही उतरवली. कुठल्यात दारू पडली होती ते मला पक्कं आठवत होतं.”

यंत्र मध्येच थांबलं तर तबकडी सगळी रिकामी करायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कारण अशा वेळी एखाद्या टरफलात दारू दोनदा पडते, नाहीतर पडतच नाही. दोनदा पडली तर पिस्तूल हातात फुटतं. पडलीच नाही तर नुसत्या केपच्या जोराने गोळी नळीत शिरून अडकून बसते आणि मागून येणारी तिच्यावर आदळते.

“मी सगळ्यांचं वजन केलंय,” केतकी म्हणाली.

“टरफलं कुठली?”

“नेमबाजीच्या मैदानावर वेचलेली.”

“म्हणजे दहा घरची. एक जड, एक हलकं. त्यात चिमूटभर दारूचा फरक तुला काट्यावर दिसला? मोठी नजर गं तुझी.”

केतकीचे कान लाल झाले.

“मोड सगळी,” बाई म्हणाल्या.

“सगळी? बाई, उद्या सकाळी सामना आहे!”

सामना साधा नव्हता. नेमबाजीच्या क्लबातल्या जुन्या खोडांनी तिला सगळ्यांसमोर हसून विचारलं होतं, घरी भरलेली काडतुसं घेऊन येणार, की सोबत लोणचंही आणणार? तीही ताडकन म्हणाली होती, माझ्या हातची आणीन आणि तुमच्या नाकावर टिच्चून जिंकेन. आता डबाभर काडतुसं तयार होती, आणि त्यातलं एखादं बिघडलेलं असेल तर ते कुठलं, हे देवालाच ठाऊक. नवी भरायला दारू ना तिच्या घरी उरली होती ना शेडमध्ये, आणि मोडलेल्या काडतुसातली पुन्हा वापरायची नाही, हाही बाईंचा दंडक.

“माझा माझ्या हातावर विश्वास आहे,” ती म्हणाली. “मी हीच वापरणार.”

“आण इकडं.”

बाईंनी डबा ओढून घेतला. स्वतःचं पिस्तूल काढलं. डब्यात न बघता हात घातला आणि येईल ते काडतूस मॅगझिनमध्ये सरकवलं. मग दुसरं. मग तिसरं. मॅगझिन पिस्तुलात बसवलं. कानांवर आवरण चढवलं आणि शेडमागच्या मातीच्या बांधाकडे निघाल्या.

केतकी आधी जागची हलली नाही. म्हातारी घाबरवते आहे, असंच तिला वाटलं.

बाईंनी पवित्रा घेतला. हात वर गेला. बोट चापावर टेकलं.

“बाई, नको!” केतकी ओरडत धावली आणि तिने त्यांचं मनगट धरून नळी जमिनीकडे दाबली.

बाईंनी कानावरचं आवरण सरकवलं. “काय झालं?”

“तुम्ही नका मारू.”

“का गं? तुझा विश्वास आहे की.”

“माझी मी मारीन. तुम्ही नको.”

“बरं. म्हणजे माझी बोटं मोलाची, आणि तुझी काय वाटेवर पडलीत?”

केतकीला रडू आलं. भयंकर राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. तिने बाईंच्या हातातून पिस्तूल घेतलं, त्यातलं एकेक काडतूस बाहेर काढलं, डब्यात टाकलं. मग शेडमध्ये जाऊन काडतूस आत अडकवून आपटलं की गोळी सुटी करणारा, मोडायचा पोकळ हातोडा घेतला आणि टेबलापाशी बसली.

पहिलं मोडलं. दारू बरोबर होती. दुसरंही बरोबर. ती मोडतच राहिली. प्रत्येक बरोबर निघालेलं काडतूस तिला जास्तच चिडवत होतं.

बाई दारात बसून बांधाकडे बघत होत्या.

“सगळीच चांगली निघाली तर?” केतकीने मान वर न करता विचारलं.

“तर निघतील.”

केतकीने पुढचं काडतूस उचललं.

“दुकानातनं आणशील उद्यासाठी?” बाईंनी विचारलं.

“मेले तरी नाही.”

“मग जाऊ नको.”

“जाणार! नाही गेले तर ते म्हणतील, पळाली.”

“मग जा की.”

“जाऊन करू काय, बाई?” केतकीने हातोडा आपटला. “पिस्तूल रिकामं. काडतूस एक नाही. नाव पुकारलं, लाइनवर गेले, सगळे बघतायत… आणि पुढे?”

बाई उठल्या, लुगड्याची माती झटकली.

“पुढं काय? तुझी पाळी संपल्याची घंटा होईपर्यंत मान वर करून उभी राहा.”