विकणाऱ्याच्या सावलीतला खड्डा

एकदा एका गावात एक वृद्ध गवंडी राहत असे. सारा गाव त्याला वस्ताद म्हणे. त्या गावची एक रीत होती. बांधकामासाठी जागा घ्यायची तर आधी वस्तादानं ती पारखायची, आपली पहार तिच्यात रोवायची आणि म्हणायचं, "बांधा." तो शब्द निघेपर्यंत कुणी विसार देत नसे की नारळ फोडत नसे. त्यानं शब्द दिलेल्या एकाही घराला आजवर तडा गेला नव्हता, आणि ही गोष्ट तो चारचौघांत छाती काढून सांगे. का सांगू नये? चांगलं काम करणाऱ्यानंच मान खाली घालून चालायचं, असं कुणी ठरवून ठेवलंय?

वस्तादाची एक शिष्या होती, हौसा. लहानपणी ती त्याच्या हाताखाली चुना मळायला आली आणि पुढे थापी हातात घेऊन गवंडीच झाली. गावातली काही माणसं म्हणत, "बाईनं भिंत सारवावी. पाया बघणं बाईचं काम नव्हे." हौसा ऐकून घेणारी नव्हती.

"तुझ्या घराचा पाया कुणी बघितला रे?"

"वस्तादानं."

"आणि भिंत उभी राहिली तेव्हा ओळंबा कुणी धरला होता?"

ओळंबा दर वेळी हौसानंच धरलेला असे.

त्या वर्षी गावानं शाळा बांधायचं मनावर घेतलं. तोवर मुलं देवळाच्या ओसरीवर बसत. हौसाची लेकही त्यांतच होती. गावाच्या मध्यावर एका धान्याच्या व्यापाऱ्याची मोकळी जागा पडून होती. सपाट, रस्त्याला लागून, कडेला एक डेरेदार कडुलिंब. व्यापारी ती विकायला राजी होता. पाटील वस्तादाकडे आले, तेव्हा वस्ताद म्हणाला, "ह्या खेपेला शब्द हौसाचा."

पाटील चपापले. "वस्ताद, पोरांच्या डोक्यावरचं छप्पर आहे हे."

"म्हणूनच म्हणतो. त्या छपराखाली तिचं पोर बसणार आहे. माझं कोण बसतंय?"

हौसा वस्तादाची पहार आणि फावडं घेऊन जागेवर गेली. व्यापाऱ्यानं तिचं असं स्वागत केलं, जसं तिचं आजवर कुणी केलं नव्हतं. कडुलिंबाखाली बाज टाकली, घरातून ताक मागवलं. "हौसाबाई, ऊन मरणाचं आहे. खड्डा कुठंही खणा, माती तीच. इथं सावलीत खणा की."

हौसाला बरं वाटलं. वाटणारच. ज्या बाईला लोक भिंती सारवायला धाडत होते, तिला आज बाज मिळाली होती. तिनं सावलीत खड्डा खणला. हातभर खाली घट्ट पिवळा मुरूम लागला. मग वस्तादानं शिकवल्याप्रमाणे तिनं निघालेली माती त्याच खड्ड्यात परत भरली. अशी माती कमी पडली तर जमीन पोकळ समजायची, उरली तर भरीव. इथं चांगली पाटीभर उरली. हौसा घरी परतली ती ताठ मानेनं.

"जागा उत्तम आहे, वस्ताद. उद्या पहार रोवते."

"रोव," वस्ताद म्हणाला. "मी येतो बघायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव जमला. पाटलांनी नारळ आणला होता. हौसा पहार घेऊन तयारच होती. वस्ताद आला, पण जागेकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. तो शेजारच्या वरच्या आळीत वळला. पहिल्या घरात शिरला, दार लावलं, उघडलं, वाकून दाराची खालची कड बोटानं चाचपली, आणि चपला घालून पुढच्या घरात गेला. तिथंही तेच.

लोकांत हसू पिकलं. "वस्ताद, दारांची मोजदाद चाललीय? म्हातारपणी दरोडा घालायचा बेत दिसतोय!"

"आमच्या घरात काही नाही हो, पलीकडे घाला!"

हौसा त्याच्यामागून चालली होती. तिचे कान तापले. आपल्या शब्दाचा दिवस, आणि म्हाताऱ्यानं हे काय मांडलं? "वस्ताद, लोक हसताहेत."

"हसू दे. हसण्यानं भिंत पडत नाही."

पुढचं घर तानूमावशीचं होतं, वस्तादाच्या आधीच्या काळात बांधलेलं. वस्तादानं दार ओढलं, तशी ती आतून ओरडली, "जपून रे बाबा! ते दार काही साधं नाही. आत्ता बघ, खालून मांजर ये-जा करतं, एवढी फट आहे. पण आषाढ लागू दे, खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. आमचे हे दरसाल रंधा मारतात. दार झिजून निम्मं झालं, घरधनी आहे तस्साच!"

सगळे हसले. हौसा हसली नाही. ती दारापाशी खाली बसली. दाराच्या खालच्या कडेवर एकावर एक रंधा फिरल्याच्या खुणा होत्या. पावसात दार अडतं, उन्हात फट पडते. लाकूड काही मांजराच्या फटीएवढं फुगत नाही. म्हणजे दार नव्हे, खालची जमीनच फुगत होती, आकसत होती. ती उठून शेजारच्या घरात गेली. तिथलं दार सरळ आणि हलकं. त्यापुढचंही तसंच. मग ती पदर खोचून मोकळ्या जागेपलीकडे, खालच्या आळीत धावली आणि दारामागून दार उघडत सुटली. एका तशाच जुन्या घराशी ती थांबली. तशीच फट, तशाच रंध्याच्या खुणा.

तिथं उभी राहून तिनं मागं वळून पाहिलं. समोर, मोकळ्या जागेच्या पलीकडे, तानूमावशीचं दार दिसत होतं. दोन रोगट दारं एकमेकांसमोर उभी होती, आणि त्यांच्यामधली रेघ जागेच्या बरोबर मधून जात होती. जिथं शाळेची मोठी भिंत यायची होती तिथूनच. कडुलिंब त्या रेघेपासून लांब, कडेला होता.

हौसा त्या रेघेवर येऊन उभी राहिली आणि भर उन्हात खणू लागली. व्यापारी म्हणाला, "अहो, काल झालं की खणून!" तिनं मान वर केली नाही. आधी मुरूम लागला, वरून टाकून जड धुम्मसानं ठोकून बसवलेला. त्याखाली काळा, ओला गाळ. गाळात ओढ्यात सापडतात तसे गुळगुळीत गोल गोटे. तिनं पहार नुसती टेकवली, आणि ती आपल्याच भारानं खाली गेली. भोकातून पाणी पाझरू लागलं.

हसणारे लोक खड्ड्याभोवती वाकून पाहू लागले.

वस्ताद खड्ड्याच्या काठावर बसला. "हौसे, विकणारा दाखवतो ती वरची जमीन. खालची जमीन ठाऊक असते शेजाऱ्याला, पण आपल्याला ती ठाऊक आहे हेच त्याला ठाऊक नसतं. तो म्हणतो, सुतारानं लाकूड कच्चं घातलं. तो म्हणतो, दाराला नजर लागली. दार मात्र दरसाल खरं तेच सांगत असतं. जमिनीला तोंड दिलेलं नाही. ती शेजारच्या दारांनी बोलते. खड्डा खणायच्या आधी ते ऐकायचं असतं."

"मग हे कालच का नाही सांगितलंत?" हौसाचा आवाज चढला. "मी शब्द देऊन बसले असते तर?"

"बसू दिलं नसतं. पण काल सांगितलं असतं तर शब्द माझा झाला असता. गावाला मी तुझा शब्द कबूल केलाय."

पाटील पुढं आले. "वस्ताद, मग काय ठरलं? तुम्हीच सांगा."

वस्तादानं हौसाकडे बोट केलं आणि चपलेतला खडा काढत बसला.

हौसानं हातातली माती झटकली. "बांधू नका," ती म्हणाली. "या जागेवर शाळा नाही."

व्यापारी उसळला. "काल जमीन उत्तम होती, आज वाईट झाली? हौसाबाई, जमीन बदलली का जीभ?"

"जमीन तीच आहे, शेठ. काल मी तुमच्या सावलीत खणलं. आज माझ्या उन्हात खणलं."

व्यापाऱ्यानं खड्ड्यात साचणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "इथं नाला होता. माझ्या वडिलांनी बुजवला. मला वाटलं, बुजवलं म्हणजे संपलं."

"तुम्हाला वाटलं," हौसा म्हणाली. "नाल्याला कुणी सांगितलं होतं?"

पाटलांनी नारळ पिशवीत टाकला. परत जाताना वस्ताद रिकाम्या हातानं पुढं चालत होता. त्याची पहार हौसाच्या खांद्यावर होती. त्यानं ती मागितली नाही आणि तिनं दिली नाही.

शाळा पुढे माळाच्या कडेला बांधली. तिथल्या घरांची दारं हौसानं आधी उघडून पाहिली आणि खड्डे आपल्या मनाच्या जागी खणले. मगच पहार रोवून ती म्हणाली, "बांधा." असं म्हणाली, की तिला भिंती सारवायला धाडणाऱ्यांना पार चावडीपर्यंत ऐकू गेलं. भर आषाढात, पाऊस कोसळत असताना, तिची लेक त्या शाळेचं दार एका बोटानं उघडते.

जागा बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याचं ताक खुशाल प्या. पण खड्डा त्यानं दाखवलेल्या सावलीत खणू नका.