सौदामिनीची झाकणी

एका राज्यात असा नेम होता, की चित्रात जे काढावं ते खरं व्हायचं. चित्रात हसू काढलं की माणूस हसरा व्हायचा. गालावर तीळ काढला की दुसऱ्या दिवशी आरशात तीळ दिसायचा. म्हणून तिथले चितारी जपून काम करत. सगळं चित्र रंगवून झालं की डोळे तेवढे कोरे ठेवायचे, चित्रावर धुतलेलं पांढरं वस्त्र घालायचं, आणि एक दिवस, उगवतीपासून मावळतीपर्यंत, कुंचल्याला हात लावायचा नाही. खायचं, लोळायचं, गप्पा छाटायच्या. या दिवसाला झाकणी म्हणत. झाकणीत चित्र आधी झोपायला शिके, मग त्याचे डोळे उघडले जात.

त्या राज्यात सौदामिनी नावाची चितारीण होती. तिचा हात इतका चालायचा, की बघणाऱ्याची मान दुखायची. कामं वाढली. दारी पालख्या थांबू लागल्या. तेव्हा बाईंनी ठरवलं, की झाकणी म्हणजे आळशांचं थोतांड. तिनं राजाचे सात घोडे झाकणीशिवाय रंगवले. घोड्यांनी डोळे मिटणं सोडलं, तर लोक म्हणाले, वा, काय तरतरीत जनावरं. अशा कौतुकानं कुणाचं डोकं ठिकाणावर राहतं?

मग तिनं राजकन्या केतकीचं चित्र काढलं आणि त्याच दिवशी डोळे रंगवले. त्या घटकेपासून केतकीची पापणी लवेना. बारा दिवस झाले. पोर वाळून काटकी झाली, माणसं ओळखेना.

राजवैद्य म्हणाले, "आणखी तीन दिवस. त्यापुढे माझ्या हातात नाही."

सौदामिनी दरबारात उभी राहिली. "महाराज, चूक माझी आहे. मी झाकणी सोडली."

भद्रसेन राजा म्हणाला, "मग आता पाळ."

"सोडलेला दिवस हाती नाही, महाराज."

तेव्हा खिडकीत बसलेली साळुंकी बोलली. "काळ्या डोंगरात कालंजर मांत्रिक राहतो. लोकांनी सोडलेले विसाव्याचे दिवस तो रांजणात भरून ठेवतो. त्या धनावर शाप आहे. राखणाराला झोप नाही."

सौदामिनीनं कुंचला कमरेला खोचला आणि ती निघाली. साळुंकी तिच्या खांद्यावर बसली. दिवसभर चालून दोघी डोंगराशी पोचल्या आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच गुहेत शिरल्या.

आत रांजणांच्या रांगा होत्या आणि मधोमध कालंजर. तीनशे वर्षांच्या जागरणानं त्याचे डोळे लाल झाले होते. "तीन कामं कर, तुझा दिवस ने," तो म्हणाला. "पहिलं. गुहेत अंधार आहे."

सौदामिनीनं भिंतीवर सूर्य काढला. तो उगवला, आणि गुहा उजळली.

"दुसरं. मला पाणी लांब पडतं."

तिनं नदी काढली. कालंजराचे पाय घोट्यापर्यंत भिजले. सौदामिनी जरा ऐटीत म्हणाली, "तिसरं सांगा. दुपारच्या आत उरकते."

कालंजरानं एक रांजण पुढे ढकलला. "ही तुझी झाकणी. इथेच पाळ. तुझा सूर्य मावळेपर्यंत हात रिकामे. पाळलीस तर ती चित्राला पोचेल. मोडलीस तर दिवस कायमचा माझा."

तिनं झाकण काढलं आणि ती बसली. एवढंच ना, असं तिला वाटलं. घटकाभरानं तिला दिसलं, की सूर्याचा एक किरण आखूड पडलाय. मग दिसलं, की नदीचा काठ एका जागी वाकडा आहे. हात कमरेकडे गेला.

"साळुंके, तो किरण आखूड आहे."

"आहे."

"नीट करू?"

"मी पाखरू आहे, बाई. मला कशाला विचारतेस?"

सौदामिनीनं कुंचला काढला आणि हात लांब करून दूर ठेवला. "उद्या करीन," ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून कित्येक वर्षांत निघाला नव्हता. आणि मग तिला भीती वाटली. हात थांबला तर आपल्याला कोण विचारणार, ही भीती इतकी वर्षं कामाच्या घाईत दबून राहिली होती. ती तोंड झाकून रडली. रडून भूक लागली, तेव्हा तिनं शिदोरीतली भाकरी खाल्ली, नदीचं पाणी प्याली, आणि तिचे डोळे जड झाले.

तोच कालंजर वाकून म्हणाला, "तिकडे पोरगी मरते आहे, आणि तू आडवी होतेस? लाज नाही वाटत? ऊठ, निदान तिच्यासाठी काही कर."

सौदामिनी उठून बसली. हा घाव वर्मी लागला होता. ती क्षणभर कुंचल्याकडे पाहत राहिली.

"तेच करते आहे," ती म्हणाली. "हे काम माझ्यावाचून कुणाला जमणार नाही."

ती कुशीवर वळली आणि गाढ झोपली. भिंतीवरचा सूर्य मावळला, तरी तिला पत्ता नव्हता.

तेव्हा सगळे रांजण एकदम तडकले. सोडलेला एक दिवस कुणीतरी पुरता पाळला होता, म्हणून शाप फिटला. अडकलेले दिवस आपापल्या घरी गेले. कुठे मागावरच्या विणकरानं धोटा ठेवला, कुठे तबलजीनं तबल्यावर खोळ घातली. कालंजरानं तीनशे वर्षांतली पहिली जांभई दिली आणि तो जिथे होता तिथेच पसरला. राजवाड्यात केतकीच्या पापण्या मिटल्या.

सौदामिनी परतली तेव्हा केतकी अजून झोपेतच होती. राजानं लेकीपाशी बसूनच सौदामिनीला जवळ बोलावलं. त्याच्या हातात चाळीस चित्रांची यादी होती.

"उद्यापासून सुरू कर," तो हळूच म्हणाला.

"परवापासून, महाराज."

"उद्या का नाही?"

"उद्या मी घरी आहे."

राजाला ‘नाही’ ऐकायची सवय नव्हती. तो काही बोलणार, एवढ्यात केतकीनं झोपेत कूस बदलली आणि मोठा श्वास सोडला. राजानं तिचं पांघरूण नीट केलं.

"बरं," तो म्हणाला. "परवा ये. आणि जाताना दार हळू लाव."