कान राहिलेली पुरणपोळी

मिरजेच्या तात्या रेठरेकरांना नोटा खर्चायला नव्हे, जपायला आवडत. नोटेचं रूप बदललं, की जुन्या रूपाची करकरीत नोट त्यांच्या अल्बममध्ये जाऊन बसलीच! त्यातली लाडकी म्हणजे छापखान्यात वाकडी कापली गेलेली, कोपऱ्याला जादा कागदाचा कान राहिलेली दहाची नोट. पाडव्याला व्याही जेवायला आले, तर तात्यांनी आधी तीच दाखवली. व्याह्यांनी बोट पुढे केलं तसे तात्या गरजले, "हात नाही लावायचा! चुकलीय म्हणून तर मोलाची. घडी पडली की मोल गेलं!"

मग ताटं वाढली. नव्या सुनेची, शलाकाची, ही सासरची पहिलीच पुरणपोळी, आणि तात्यांच्या ताटातल्या पोळीला नेमका एका बाजूला कान आलेला. तात्या व्याह्यांदेखत खो खो हसले. "सूनबाई, पोळीला कान कधीपासून फुटायला लागले?"

आईवडिलांसमोर शलाकाचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. तिने ती पोळी अलगद उचलली आणि काचेच्या झाकणाखाली ठेवली. तात्यांचा हात पुढे येताच म्हणाली, "हात नाही लावायचा, तात्या! चुकलीय म्हणून तर मोलाची. घडी पडली की मोल गेलं!"

बाकीचे तुपात बुडवून पोळ्या हाणत होते. तात्यांनी काचेकडे बघत आवंढा गिळला आणि हात जोडले.

"हरलो, सूनबाई! एवढी तरी चलनात येऊ दे."