अर्धं अक्षर मागून

"एकानंही माझं खरं मानलं न्हाई, आक्का. एकानंही!"

पायातली चप्पल निघायच्या आधीच द्वारकेचं तोंड सुरू झालं होतं.

आक्का मठाच्या ओसरीवर पोथीचं फडकं सोडत बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली बाई. कुणी रडत आलं काय नि भांडत आलं काय, त्यांचा हात तेवढ्याच बेतानं चालायचा.

"बस. कुणी मानलं नाही?"

"धुमाळ गुरुजींनी. तपासणीच्या साहेबांनी. त्या मोनालीच्या आईनं बी!"

द्वारका गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. बारा वर्षं झाली. शिक्षण चौथी पास, जीभ मात्र वकिलाची. दर गुरुवारी मठात येऊन आक्कांच्या जोडीनं पोथी वाचायची, आणि आपण पोथी वाचतो हे आडून आडून चारचौघींच्या कानावरही घालायची.

"चुलीपाशी बसून मी ऐकायची," ती म्हणाली. "चौथीचा वर्ग भिंतीपलीकडं. सगळी पोरं एका सुरात धडा वाचायची. बाकीच्यांचा आवाज एक, आणि या मोनालीचा अर्धं अक्षर मागून. रोज! पोरगी पुस्तकातलं वाचतच नव्हती. शेजारणीच्या तोंडचं उचलून पुढं ढकलत होती."

"गुरुजींना सांगितलंस?"

"चारदा. म्हणाले, मावशी, तुम्ही मिठाकडं लक्ष द्या."

आक्का हसल्या नाहीत.

"मग साहेब आले. तिला एकटीला उभं केलं. तिनं धडा घडाघडा म्हणला. पाठच होता! पान उलटायच्या आधीच पुढल्या पानावरचं म्हणून मोकळी झाली, तरी त्या शहाण्याला कळलं न्हाई. वहीत लिहून गेला, अस्खलित वाचते."

"आणि पोर?"

द्वारकेचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"पाचवीला मोठ्या शाळेत गेली. तिथल्या बाईंनी नवंच पान समोर धरलं. म्हणाल्या, वाच. पोरगी तास संपेस्तोवर उभी... सगळा वर्ग खिदळला. दिवाळीपासनं घरात बसलीय. शाळेचं नाव काढलं की घागर उचलून विहिरीची वाट धरती."

आक्कांनी फडक्याची घडी घालून बाजूला ठेवली.

"चार वर्षं माझ्या हातचं जेवली ती, आक्का. तिच्या ताटात मी कधी करपलेलं पडू दिलं न्हाई."

आक्कांनी पोथी दोघींच्या मध्ये ठेवली. "चल. गुरुवार आहे. वाचू."

द्वारकेनं डोळे पुसले, पदर सावरला, पानावर नजर रोवली. सुरुवात झाली. आक्कांचा आवाज पुढं, द्वारकेचा त्याला चिकटून. गळा गोड होता तिचा. लांबून ऐकणाऱ्याला एकच बाई वाचतेय असं वाटलं असतं.

"मग राणी पहाटे उठली," आक्का वाचत होत्या, "स्नान केलं, देवापुढे दिवा लावला... आणि राणीनं चुलीवरची खिचडी करपवली."

"...चुलीवरची खिचडी करपवली," द्वारका म्हणाली. नजर पानावरच.

आक्का थांबल्या.

द्वारकाही थांबली. आपल्या तोंडून काय गेलं ते तिला मग ऐकू आलं.

"पोथीत खिचडी कुठाय गं?"

द्वारकेनं पान बघितलं. वरून खाली बघितलं. अक्षरं होती, ओळखीची होती, एकेक करून लागलीही असती. पण एका ओळीला तिला अर्धी दुपार लागली असती.

"कधीपासून?"

"...पहिलीपासनं."

"म्हणून तुला भिंतीपलीकडून ऐकू आलं."

द्वारका पानाची कडा नखानं घासत राहिली.

"गुरुजींनी विचारलं असेल, तुला कसं कळलं म्हणून."

"इचारलं."

"काय सांगितलंस?"

"म्हणलं... कान हायेत मला."

"आणि साहेबांना?"

"तेच."

"पोरीच्या आईला?"

द्वारकेनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "तिला म्हणलं, तुझी पोरगी फसवतीय सगळ्यांना."

आक्कांनी डोळे मिटले.

"मग काय सांगायला पायजे होतं मी?" द्वारका एकदम उसळली. "शाळेतली बाई मी! पोरं मावशी मावशी करत्यात. सही करते मी हजेरीवर! त्या धुमाळापुढं उभी राहून म्हणू, की गुरुजी, मी बी..."



ओसरीवर ऊन सरकून पोथीच्या कडेला आलं होतं. आक्कांनी पान मिटलं नाही, उलटलंही नाही.

"चारदा सांगितलं हो मी," द्वारका म्हणाली. आता ती भांडत नव्हती. "चारदा. आणि तरी पोर गेली हातची. आक्का, तुम्ही देवाच्या दारात बसलेल्या. एकदा सांगून टाका. गुरुजींनी बुडवलं तिला, का साहेबांनी, का तिच्या आईनं? नाव घ्या एकाचं. एकच घ्या."

आक्कांनी तिच्याकडं बघितलं. रागानं नाही.

"द्वारका."