बोटावरचं कुंकू

“मग तुम्हीसुद्धा येणार नाही?”

“नाही.”

“का पण?”

बनाक्कांच्या पुढ्यात डहाळ्याची पेंढी होती. एकेक घाटा सोलून हिरवे हरभरे ताटलीत टाकत होत्या, टाकत राहिल्या.

उत्कर्षानं डोक्याला हात लावला. सकाळपासून गावातली एकेक म्हातारी तिला हेच ऐकवत होती. आता खुद्द गुरूनंही तेच ऐकवावं म्हणजे हद्द झाली.

गोष्ट तशी साधी होती. संक्रांतीचे दिवस. घरोघरी हळदी-कुंकू चाललेलं, आणि नवरा गेलेल्या बायका दरवर्षीसारख्या आपापल्या दाराआड. उत्कर्षा आणि तिच्या मैत्रिणींनी ठरवलं, यंदा हे मोडायचं. उद्या दुपारी शाळेच्या पटांगणात मांडव घालायचा आणि हळदी-कुंकवाचा मान विधवांना द्यायचा. सांगलीहून पाहुण्या येणार होत्या, चौकात फलक लागला होता. त्या फलकावर ‘विधवा’ हा शब्द नको, ‘एकल महिला’ लिहा, म्हणून ती फलकवाल्याशी तासभर भांडली होती.

सगळी जय्यत तयारी. घोडं अडलं कुठं, तर एकही एकल महिला यायला राजी नव्हती.

एकीचा गुडघा धरला होता. एकीकडं पाहुणे यायचे होते. कोपऱ्यावरच्या पारूबाईंनी तेवढंही सोंग केलं नाही. आमचं आहे ते बरं आहे बाई, म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, दुसरं काय. उत्कर्षा उन्हातान्हात गावभर फिरली, समजावून समजावून तिचा घसा बसला, आणि शेवटी तणतणत मठात आली.

मठ म्हणजे वारणेच्या काठी दोन खोल्या आणि पुढं दगडी ओटा. बनाक्का ऐन विशीत नवरा गेला तेव्हा इथं आल्या. गुरूंपाशी राहिल्या, आणि गुरू गेल्यावर त्यांच्याच आसनावर बसल्या. विधवा बाई आसनावर बसली म्हणून गावानं मठात यायचं सोडलं. त्यांनीही कुणाला बोलावलं नाही. मग गावच हळूहळू मठाची वाट धरून परत आलं.

उत्कर्षा शाळेत असल्यापासून त्यांच्याकडं यायची. इथंच ती भजन शिकली, चारचौघांत तोंड उघडायला शिकली, आणि ‘का’ विचारायला शिकली. त्या ‘का’पायी ती पुढं वकिलीपर्यंत गेली. वैशाखात तिचं निनादशी लग्न होतं, आणि कन्यादान चालणार नाही, मी काही दान करायची वस्तू नव्हे, असं सांगून तिनं दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना गप्प केलं होतं. घाबरायचं कसं नाही हे आपण आक्कांकडून घेतलं, असं ती अभिमानानं सांगायची.

आणि त्या आक्का आता हरभरे सोलत ‘नाही’ म्हणत होत्या.

उद्या रिकाम्या खुर्च्यांपुढं हसं झालं असतं, ते तिनं सोसलं असतं. पण ज्या बाईला बघून आपण एवढ्या धीट झालो, ती बाई आतून पारूबाईंसारखीच निघावी, हे काही तिला सोसवेना. तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा आणखी राग येत होता.

मग ती बोलत सुटली. कपाळावरचं कुंकू ही कुणाच्या बापाची मालमत्ता नाही, इथपासून सुरुवात केली. पुरुषाची बायको गेली तर त्याच्या अंगावरचं काय उतरवतात, ते विचारलं. तुम्ही बायकाच या बेड्या कुरवाळत बसता आणि मग आम्ही तरुण मुलींनी डोकं आपटून घ्यायचं का, असंही म्हणाली. गुरूशी या आवाजात ती आजवर कधी बोलली नव्हती.

बनाक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एक किडका हरभरा निघाला, तो बाजूला टाकला.

“झालं?”

“झालं.”

“उद्या कोण कुणाला लावणार?”

हा काय प्रश्न झाला, असं उत्कर्षाला वाटलं. तरी तिनं सांगितलं. सरपंचबाई लावतील, दवाखान्यातल्या डॉक्टरबाई लावतील, सांगलीच्या पाहुण्या लावतील. आणि सगळ्यांत आधी ती स्वतः लावणार होती, बनाक्कांना. मग वाण, मग तिळगूळ, मग फोटो.

“आणि आम्ही?”

“तुम्ही पुढच्या खुर्च्यांवर बसायचं. तुम्हाला काही म्हणजे काही करायचं नाही.”

हे ती मोठ्या कौतुकानं म्हणाली. म्हाताऱ्या माणसांना त्रास नको, हा विचार तिनं आठवणीनं केला होता.

“काहीच करायचं नाही...”

“काहीच नाही.”

नदीच्या बाजूनं कुणीतरी म्हशीला हाकलत होतं, तेवढाच आवाज. मग बनाक्कांनी ताटली सरकवली, तांब्यातलं पाणी हातावर घेतलं, पदराला हात पुसले.

“पिशवीत काय आहे?”

पिशवीत उद्यासाठी घेतलेला करंडा होता. नवा कोरा, पितळी, काठोकाठ कुंकू भरलेला. उत्कर्षानं तो बाहेर काढला.

“उघड.”

उत्कर्षाचा चेहरा एकदम उजळला. अखेर विरघळल्या म्हणायच्या. तिनं घाईघाईनं झाकण काढलं, बोट कुंकवात बुडवणार, तोच बनाक्कांनी तिचं मनगट धरलं. करंडा आपल्या हातात घेतला. आपलं बोट त्यात टेकवलं.

“कपाळ पुढं कर.”

आणि उत्कर्षाचं डोकं मागं गेलं.

फार नाही. तीळभर. शेजारी कुणी बसलं असतं तर त्याला कळलंही नसतं. पण बनाक्कांचं बोट पुढं आलं होतं ते तिथंच हवेत राहिलं, आणि दोघींनाही कळलं.

त्या तेवढ्या वेळात उत्कर्षाला निनाद दिसला. रोज सकाळी हायवेवरून मोटरसायकलवर कामाला जातो तसा, हेल्मेट हँडलला अडकवून. आणि विधवेच्या बोटाचं कुंकू लागून त्याला काही झालं तर, असं तिच्या मनात आलं. वकिलीचं शिक्षण, भाषणं, फलकावरचा तो शब्द, काही म्हणजे काही आडवं आलं नाही.

“तसं नाही, आक्का...”

बनाक्का बघत होत्या. रागानं नव्हे. नुसत्या बघत होत्या.

ऊन डोळ्यावर आलं म्हणून, असं उत्कर्षा म्हणाली. ऊन पाठीमागं होतं. मग, तुम्ही अचानक बोट आणलं म्हणून मी दचकले, असं म्हणाली. तेही अर्धंच म्हणाली आणि थांबली. तिला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ज्या हातांनी आपल्याकडून अक्षरं गिरवून घेतली, ताप आला तेव्हा ज्या हातांनी कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, त्याच हाताला आपण आज भ्यालो, हे तिला कळत होतं आणि ते कळणं पुसून टाकायची काही सोय नव्हती.

मग ती चिडली. स्वतःवरच चिडली, पण आवाज आक्कांवर चढला.

“लावा. लावा म्हणते ना.”

तिनं डोळे गच्च मिटले आणि कपाळ पुढं केलं.

काही झालं नाही. कपाळाला काही लागलं नाही. डोळे उघडले तर बनाक्का बोटावरचं कुंकू ओट्याच्या दगडाला पुसत होत्या.

“का?”

“डोळे मिटून दात काढून घेतात.”

उत्कर्षाला आता रडू आवरेना. ती पदराशिवायची पोर, ओढणीत तोंड खुपसून रडली. पारूबाई दार लोटताना आपल्याकडं कशा बघत होत्या, ते तिला आत्ता समजत होतं. त्या म्हातारीला हे सगळं बोटावर कुंकू न घेताच दिसलं होतं.

“उद्याचं रद्द करते,” ती म्हणाली. सांगलीच्या पाहुण्यांना कळवते, मांडववाल्याला नको म्हणून सांगते, फलक उतरवते. कुठल्या तोंडानं उभी राहू मी तिथं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

बनाक्कांनी तिचं रडून होऊ दिलं. पाठीवरून हात बित काही फिरवला नाही. करंड्याचं झाकण तेवढं नीट लावलं आणि तो आपल्या मांडीवर ठेवून घेतला.

“रद्द कशाला? येते मी.”

उत्कर्षानं मान वर केली. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“आता येता?”

“हो.”

“पारूबाई? बाकीच्या?”

“त्यांनाही घेऊन येते. खुर्चीवर बसत मात्र नाही कुणी. लावणाऱ्या आम्ही.”

“मघाशी तर किती समजावलं मी तुम्हाला. तेव्हा नाही म्हणालात. आणि आता हे असं झाल्यावर...”

बनाक्कांनी ताटली पुन्हा पुढ्यात ओढली. एक घाटा सोलला, आतले दोन्ही हरभरे उत्कर्षाच्या तळहातावर ठेवले.

“उद्या मांडवात मी पुढं येईन आणि तुझ्या कपाळाकडं बोट नेईन,” त्या म्हणाल्या. “तेव्हा आत्ता सरकलीस तशीच सरक. सगळ्या गावादेखत. भीती कुणाला वाटते, ते दिसू दे त्यांना. खोटं खोटं कपाळ पुढं करू नकोस.”