लाडोबा मेस्त्रीची खूण

“…मग खूण करायला हात का आखडता घेताय, मेस्त्री?” शर्वरीनं विचारलं.

लाडोबा मेस्त्री पटाशीला धार लावत होता. वर बघितलंच नाही.

शर्वरी त्याचीच शिष्या. दोन वर्षं त्याच्या मांगरात, घरामागच्या कामाच्या खोपीत, रंधा मारला, मग पुण्याला जाऊन फर्निचरचं मोठं शिक्षण घेतलं. आज स्वतः केलेली खुर्ची घेऊन आली होती. काय खुर्ची ती! पाय शेवग्याच्या शेंगेसारखे बारीक. पाठ अशी वळलेली, की बगळाच मान काढून बसलाय.

मुंबईच्या प्रदर्शनात जायची होती खुर्ची. पण मेस्त्रीच्या खुणेवाचून ती न्यायची नाही, हे शर्वरीनं मनाशी पक्कं केलेलं. टेम्पो दारात उभा.

खूण म्हणजे काय, तर बैठकीखाली पटाशीनं मारलेली एक खाच. भाताच्या दाण्याएवढी.

“हिच्यात कमी काय आहे, तेवढं सांगा.”

“माका काय म्हायत? पेज प्यालंस?”

त्या मांगराची रीतच होती. ज्यानं खुर्ची केली, त्यानं तिच्यावर बसून वाडगाभर गरम पेज प्यायची. पेज संपली, की मेस्त्री खूण करणार. त्याआधी ब्रह्मदेव आला तरी नाही.

“ती जुन्या खुर्च्यांची रीत, मेस्त्री. ही बघायला लोक लांबून येतील.”

“येवंदेत. तू पेज पी.”

उकड्या तांदळाची पेज आली, वर लोणच्याची फोड. शर्वरी ऐटीत खुर्चीवर बसली. एक घोट घेतला. जरा पुढं सरकली. दुसरा घेतला. जरा मागं.

“ह्यो पाय भायर कित्या गेलो गो?” मेस्त्रीनं विचारलं.

“तोल सांभाळायला. थांबा, दाखवते.” वाडगा हातात घेऊन ती उठली.

“आणि पाठीक वळण? वाफ दिलंस?”

“वाफ नाही हो. पातळ पातळ थर, एकावर एक चिकटवलेत.”

“अरे वा…” मेस्त्री खरोखरच वाकला. पाठीवर बोट वाजवलं, कान लावला. “हुशार गो चेडू!”

झालं. शर्वरीची कळी खुलली. बोलत बोलत, पेज फुंकत ती मांगरभर फिरली. दाराशी दोन दगडांवर टाकलेली फणसाची जुनी फळी होती. तिथं वारा होता. बोलता बोलता टेकली, पाय पसरले. मेस्त्री विचारत होता, ती सांगत होती. लोणच्याची फोडसुद्धा चोखून झाली.

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

“संपली पेज!” वाडगा उपडा करून तिनं दाखवला. “आता करा खूण.”

मेस्त्री उठला. पटाशी घेतली, हातोडी घेतली. खुर्चीजवळून आला तो… थांबलाच नाही.

शर्वरीच्या पायाशी उकिडवा बसला. फळीच्या खालून हात फिरवला. जागा चाचपली. पटाशी टेकवली.

“अहो मेस्त्री… खुर्ची तिकडं आहे!”

“आसा ती थय… पण पेज तू हय संपवलंस.”